सर्व आक्षेप मान्य

गजाननराव टेंबेकरांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. विमा कंपनीच्या दावे विभागात तीस वर्षं काढूनही त्यांच्या टेबलावरची एकही फाईल हरवली नव्हती, ही पहिली. आणि एकही फाईल घाईने सुटली नव्हती, ही दुसरी. "घाईत मंजूर झालेला दावा आणि घाईत ठरलेलं लग्न, दोन्हींत पुढे कागद कमी पडतात," असं ते म्हणायचे. मग सुमनताई म्हणायच्या, "आपलं चार दिवसांत ठरलं होतं." मग गजाननराव चष्मा पुसायचे.

असला माणूस जयपुरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या इंटरनेटवरच्या वादात पंच म्हणून कसा जाऊन बसला, असं कुणीही विचारेल. त्यातून घरात गणपती, देव्हाऱ्यात अन्नपूर्णा आणि स्वतः महाराष्ट्र मंडळाचे माजी चिटणीस. पण मोठी संकटं माणसाच्या दारात नेहमी शेजाऱ्याच्या रूपानेच येतात, आणि या वेळी ती भागुबाईंच्या रूपाने आली.

भागुबाई म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या बळवंत पाटोळ्यांच्या आई. वय ब्याऐंशी, मूळ गाव राहुरीकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. बळवंतराव रेल्वेत. वडील गेल्यावर त्यांनी आईला वैशाली नगरात आणलं, त्याला आता दोन वर्षं झाली होती. दुपारी त्या सुमनताईंकडे गवार मोडायला येऊन बसत. गवार कुणाचीही असो, मोडायला भागुबाईच.

२००४ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. गजाननराव ऑफिसातून आले, तर म्हातारी गप्प. हे नवलच होतं.

"काय भागुबाई, रविवारी चर्चला गेला नव्हता म्हणे?"

"तिथं समदं हिंदीत, साहेब. सांगणारा चांगलाय, पर माझ्या कानात काय शिरत नाही. मी देवाला म्हणते, तुला कळतंय ना, मंग झालं."

"मग घरी म्हणा की मराठी भजनं."

"एकटीनं? भजन काय लोणचंय का, एकटीनं कोपऱ्यात बसून खायला? बळवंताला गळा नाही. सून अमृतसरची, गरीब बिचारी, टाळ्या वाजविती, पर चुकीच्या जागी. आता माझा दम बी एका कडव्यापुरताच राहिलाय. दुसरं कडवं उचलायला कुणीतरी लागतं का नाही?"

हे त्यांनी गवारीच्या शेंगेकडे बघत सांगितलं, आणि ते गजाननरावांना लागलं. पण भावना झाली की लगेच कार्यवाही करायची, हा अधिकाऱ्यांचा जुना रोग. ते म्हणाले, "त्यात काय अवघड आहे? जयपुरात मराठी ख्रिस्ती कुटुंबं असतीलच. नाताळच्या आत सगळ्यांना एकत्र आणून एक संध्याकाळ मराठी उपासना घडवून आणतो. माझा शब्द."

"शब्द कशाला दिलात?" रात्रीची कणीक भिजवता भिजवता सुमनताईंनी विचारलं. "गणेशोत्सवात मोदक उकडीचे की तळलेले, यावरून मंडळ फुटलं होतं. विसरलात?"

"ते आपले लोक होते," गजाननराव म्हणाले. "हे शिस्तीचे लोक आहेत. आठवड्याला हजेरी लावतात."

कॉलेजात जाणाऱ्या तनयाने कॉम्प्युटरवर एक ई-मेल गट काढून दिला. "बाबा, मतलब एकाने लिहिलं की सगळ्यांना जातं. तुम्ही मॉडरेटर."

"म्हणजे?"

"म्हणजे भांडण झालं तर तुम्ही थांबवायचं."

"भांडण कशाला होईल?" गजाननराव म्हणाले. बळवंतरावांनी ओळखीपाळखीतून पत्ते गोळा केले. अकरा कुटुंबं निघाली. त्यांतली सात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत राहिली आणि एक अक्षर बोलली नाहीत. ही सात कुटुंबं स्वर्गात जातील याविषयी गजाननरावांना पुढे काहीही शंका उरली नाही. उरलेली चार बोलली.

पहिले सुभेदार देवराम जगधने. लष्करी छावणीत नोकरीला, मूळचे नगरचे, जुन्या मिशनच्या मंडळीतले. गाणी जुन्याच पुस्तकातली आणि चालीही जुन्याच, यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं. पण त्याच्या अलीकडे ते यायलाही तयार नव्हते. दुसरे राजन लोपीस, वसईचे कॅथलिक, बनी पार्कातल्या एका बँकेत. तिसऱ्या विभा सरोदे, प्रताप नगरात गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या. पूर्ण पाण्यात बुडवून घेतलेला बाप्तिस्माच खरा, बाकी सगळं अंग ओलं करणं, असं मानणाऱ्या पंथाच्या. चौथे उमाकांत खरात. दवाखान्यांना यंत्रं विकत हिंडणारे. त्यांच्या पंथात देवाचा दिवस शनिवार, रविवार नव्हे.

गजाननरावांनी पहिला मजकूर फार जपून लिहिला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या कॉम्प्युटरला तेवढंच जमायचं. "सर्वांस नमस्कार. नाताळनिमित्त एक संध्याकाळ मराठी उपासना घ्यावी असा विचार आहे. आपली मते कळवावीत."

मते कळवावीत! तीस वर्षं सरकारी पत्रव्यवहार केलेल्या माणसाने हे वाक्य लिहावं, याला दैव म्हणतात.

सुभेदारांचं उत्तर 'सलाम'ने सुरू झालं, लोपिसांचं 'जय ख्रिस्त'ने, विभाबाईंचं 'प्रभूची स्तुती असो'ने. पहिले तीन दिवस फक्त अभिवादन कोणतं योग्य यावर गेले. चौथ्या दिवशी विभाबाईंनी विचारलं की नाताळ मुळात साजरा का करायचा, पंचवीस डिसेंबर ही तारीख शास्त्रात दाखवा. लोपिसांनी लिहिलं, ताई, तुमच्या वाढदिवसाची तारीखही शास्त्रात नाही, पण केक तुम्ही कापत असालच. विभाबाईंनी लिहिलं, कापत नाही. खरातांनी मध्येच लिहिलं की तारीख कोणतीही घ्या, वार शनिवार घ्या. सुभेदारांनी लिहिलं की शनिवारी परेड असते.

गजाननरावांनी लांबट रजिस्टर आणलं आणि रकाने आखले: अनुक्रमांक, आक्षेपकाचे नाव, आक्षेप, आधार, शेरा. 'आधार' या रकान्यात वचनं लिहायची. आठवड्याभराने त्यांनी ते रजिस्टर बळवंतरावांपुढे ठेवलं.

"पाटोळे, हे बघा. लोपीस आणि विभाबाई एकमेकांविरुद्ध आहेत. बरोबर?"

"बरोबर."

"आणि दोघांनी पुरावा म्हणून एकच वचन जोडलंय. तोच अध्याय, तीच ओळ. तीस वर्षांत दोन्ही पक्षांनी एकच कागद जोडलेला दावा मी पाहिला नाही हो!"

"आमच्यात असंच असतं, साहेब," बळवंतराव थंडपणे म्हणाले. "पण बाप्तिस्म्याचं तेवढं विभाबाईंना लिहा. कपाळावर शिंपडलेलं पाणीसुद्धा पाणीच."

"तुम्हीसुद्धा?"

"मी आपलं सांगितलं," बळवंतराव म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून स्वतःच टायपायला बसले. त्या संध्याकाळी कॉम्प्युटरने फोनची लाईन दोन तास अडवून ठेवली. सुमनताईंच्या बहिणीने सोलापुराहून नऊ वेळा नंबर फिरवला आणि शेवटी खालच्या शेखावतजींकडे फोन करून विचारलं, घरात सगळे बरे आहेत ना.

शेखावतजी निरोप घेऊन वर आले आणि सल्ला देऊन खाली गेले. "टेंबेकरजी, हमारे यहाँ भी समाज की मीटिंग में यही होता है. आप पहले खाना तय करो. धर्म अपने आप तय हो जाएगा."

सल्ला गजाननरावांना पटला. त्यांनी लिहिलं, "उपासनेनंतर अल्पोपाहार राहील." यावर सतरा पत्रं आली. चहा चालेल का, हे खरातांनी विचारलं, कारण त्यांच्या पंथात चहा-कॉफी घेत नाहीत. विभाबाईंचा तो महिना उपासाचा होता. लोपिसांनी वसईच्या पद्धतीचा इंदेल आणायची तयारी दाखवली, आणि इंदेलात डुकराचं मांस असतं हे कळल्यावर खरातांनी जुन्या करारातली अख्खी दोन पानं उतरवून पाठवली. सुभेदारांनी एका ओळीत विचारलं, "चाली कोणत्या, हे अजून कुणी बोलले नाही."

त्यातच कॉलनीच्या समाजभवनाचा प्रश्न होता. तिथल्या बाबूने फॉर्म पुढे सरकवला. "किस समाज का प्रोग्राम?"

"ख्रिश्चन."

"आप ख्रिश्चन हो?"

"नहीं."

"तो?"

गजाननरावांनी खिशातून पेन काढलं. बाबूने कार्यक्रमाची तारीख, स्वरूप आणि समारोपाची वेळ असलेली, सर्वांच्या संमतीची लेखी रूपरेषा मागितली. तिच्याशिवाय भवन मिळणार नाही. बाबूचा राग यावा, तर गजाननराव स्वतः तीस वर्षं लोकांकडे हेच मागत आले होते. त्यांना त्याचं कौतुकच वाटलं, आणि म्हणून जास्त त्रास झाला.

भागुबाई रोज गवार मोडता मोडता विचारायच्या, "ठरलं का?"

"प्रगती आहे," गजाननराव म्हणायचे.

आणि मग ऑक्टोबरच्या मध्यावर तो प्रसंग आला. विभाबाईंनी थेट विचारलं: मॉडरेटरसाहेब, आपण निवाडे फार छान देता, पण आपण कोणत्या मंडळीचे?

गजाननरावांनी उत्तर दिलं, "वैशाली नगर."

"तसं नव्हे. बाप्तिस्मा कोणत्या पद्धतीचा?"

त्यांनी दोन दिवस घेतले. माहिती मागवली आहे असं लिहावं, असंही एकदा मनात आलं. पण खोटं निवेदन केलं की दावा रद्द होतो, हे इतरांना सांगण्यातच हयात गेली होती. त्यांनी लिहिलं, "अधोस्वाक्षरीकर्ता हिंदू आहे."

आणि गटात जे अडीच महिन्यांत झालं नव्हतं ते झालं. एकमत! कॅथलिक, प्रोटेस्टंट, शनिवारवाले, बुडवणारे आणि शिंपडणारे, सगळ्यांनी एका दिवसात लिहिलं की हे योग्य नव्हे, पंच आपल्यातला हवा. गजाननरावांनी राजीनामा दिला, रजिस्टर कपाटात ठेवलं आणि रात्री जेवताना भात मागून घेतला नाही. "सुमन, मला काढल्याचं दुःख नाही," ते म्हणाले. "एकमुखाने काढल्याचं आहे. निदान एकाने तरी आक्षेप घ्यायला हवा होता. एरवी चहावर घेतात."

एकमत मंगळवारी झालं आणि शुक्रवारपर्यंत टिकलं. नवा पंच म्हणून चार नावं आली, चारही ज्यानं त्यानं स्वतःची सुचवलेली, आणि अनुमोदन एकालाही नाही. शनिवारी (खरातांनी रविवारी) सर्वांनी आपापल्या परीने लिहिलं की टेंबेकरसाहेब परत यावेत. "निदान ते कुणाच्याच बाजूचे नाहीत," असं लोपिसांनी लिहिलं. सुभेदारांनी लिहिलं, "साहेब, ड्यूटीवर हजर व्हा."

गजाननराव हजर झाले. पण दुखावलेला अधिकारी हजर होतो तेव्हा तो नियमाने वागतो, आणि नियमाने वागणाऱ्या अधिकाऱ्याइतकं भयंकर जगात दुसरं काही नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं. एकूण आक्षेप त्र्याण्णव. कुणालाही नाराज करायचं नाही. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लाल पेनाने वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिला: मान्य.

मग मान्य केलेल्या आक्षेपांनुसार रूपरेषेतून एकेक बाब वगळली. नाताळ हा शब्द गेला. मेणबत्त्या गेल्या. तबला गेला, पेटी गेली. प्रवचन गेलं, कारण ते कोण देणार यावर एकवीस आक्षेप होते. चहा गेला, उपाहार गेला. जुन्या चाली गेल्या, नव्या गेल्या. शनिवार गेला, रविवार गेला. जे उरलं ते त्यांनी नीट टाईप करून सर्वांना पाठवलं:

"सर्वसंमत रूपरेषा. एक: सर्वांनी यावे. दोन: सर्वांनी जावे."

ती एक प्रत घेऊन ते भागुबाईंकडे गेले. त्यांना वाटलं होतं, म्हातारी हसेल. बळवंतरावांनी वाचून दाखवलं. भागुबाई हसल्या नाहीत. पदराने डोळ्यांच्या कडा टिपून म्हणाल्या, "राहू द्या साहेब. तुम्ही लई खटपट केली. माणसं मोठी झाली की त्यांना एका सतरंजीवर बसवत नाही."

गजाननराव घरी आले आणि बराच वेळ बूट न काढता बसून राहिले. शब्द दिला होता. नोकरीत त्यांनी कितीतरी दावे फेटाळले होते, पण प्रत्येक वेळी समोरच्याने आरडाओरडा केला होता. 'राहू द्या' म्हणणारा दावेदार त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

तिकडे गटात मात्र आरडाओरडा सुरू झाला होता. आमचं ऐकून न घेता आमचा आक्षेप मान्य कसा केला, असं चौघांनीही लिहिलं. बळवंतरावांनीही. आता कार्यपद्धतीत एकच पायरी उरली होती: व्यक्तिगत सुनावणी. ऑफिसात ती ठरलेल्या रीतीने होई. सगळ्यांना अकरालाच बोलवायचं, बाहेर बसवायचं आणि एकेकाला आत घ्यायचं. वेगवेगळ्या वेळा दिल्या तर कुणीच वेळेवर येत नाही, आणि सगळ्यांना अकरा दिले तर निदान गर्दी तरी होते. दिवस शनिवारही नको, रविवारही नको. सव्वीस नोव्हेंबर, शुक्रवार, गुरू नानक जयंतीची सुट्टी. एका हिंदूने शिखांच्या सणाला ख्रिस्ती लोकांची सुनावणी ठेवली, आणि या एका गोष्टीला कुणीही आक्षेप घेतला नाही.

गजाननरावांनी आतल्या खोलीत टेबल मांडलं, रजिस्टर ठेवलं, तनयाच्या जुन्या सायकलची घंटा शेजारी ठेवली. अकरा वाजता सुभेदार आले, कारण ते सुभेदार होते. मग स्कूटरवरून विभाबाई, मग लोपीस, मग खरात, आपलं यंत्राचं खोकं सांभाळत. साडेतीन महिने एकमेकांना बजावून सांगणाऱ्या या मंडळींनी एकमेकांचे चेहरे पाहिलेच नव्हते. दिवाणखान्यात ती दवाखान्यात बसावीत तशी बसली. गाद्या कमी पडल्या म्हणून सुमनताईंनी सतरंजी अंथरली. लोपिसांनी विभाबाईंना खिडकीजवळची जागा दिली, आणि त्या विभाबाई आहेत हे त्यांना मागाहून कळलं. "केक," असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

बळवंतरावही आक्षेपक, त्यामुळे तेही आले. बायको माहेरी गेलेली, घरी आईजवळ कुणी नव्हतं म्हणून तिलाही घेऊन आले.

भागुबाईंनी उंबऱ्यात उभं राहून सतरंजीवरची माणसं मोजली. त्यांना सुनावणी-बिनावणी काय ठाऊक! त्यांनी एवढंच पाहिलं की मराठी माणसं जमली आहेत, आणि त्यांतली बरीचशी आपली आहेत. "सलाम," त्या म्हणाल्या. आणि काय योगायोग, सगळेच उठून "सलाम आई" म्हणाले. ब्याऐंशी वर्षांच्या बाईशी अभिवादनावरून वाद घालणारा पंथ अजून निघालेला नाही.

"आलात, बरं झालं. मंग म्हणू या?" असं म्हणून त्या बसल्या, मांडीवर हात आपटला आणि हरवलेल्या मेंढराचं भजन सुरू केलं.

सगळे चुळबुळले. आवाज कातरा होता पण पक्का होता. पहिलं कडवं संपलं, आणि दम संपला. भागुबाई थांबल्या आणि एकेकाकडे पाहू लागल्या.

सुभेदारांच्या कपाळावरची शीर टरारली. "आजी," ते म्हणाले, "तुम्ही शेवटची ओळ वर नेली. ती खाली यायला पाहिजे."

"मंग दाखव की!"

त्यांनी दाखवली. परेडच्या आवाजात, दुसऱ्या कडव्यासकट. ते संपायच्या आत विभाबाई म्हणाल्या, "माफ करा, पण तुम्ही मधलं कडवं खाल्लं," आणि खाल्लेलं कडवं गाऊन त्याच जागी परत बसवलं. खरातांनी, त्यांच्याकडे हे भजन किती संथ म्हणतात, हे सांगायला तोंड उघडलं, आणि सांगण्यापेक्षा म्हणून दाखवणं सोपं पडलं. लोपिसांना भजन येत नव्हतं, त्यांची गाणी निराळी. पण ताल चुकतोय हे गाणं न येणाऱ्यालाही कळतं. त्यांनी सुमनताईंनी पोह्यांसाठी काढलेलं रिकामं पातेलं उपडं केलं आणि तिघांनाही ओळीवर आणलं. बळवंतरावांना गळा नव्हता, तरी तेही गायले, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेण्याची सगळी ताकद एकमेकांच्या चाली दुरुस्त करण्यात खर्ची पडत होती.

भागुबाई पहिलं कडवं उचलायच्या आणि सोडायच्या. पुढचं चौघं मिळून ओढून नेत, जो तो आपल्या बाजूला. असं एकामागून एक किती झालं, याची नोंद रजिस्टरमध्ये नाही.

आत गजाननराव बसून होते. पहिल्यांदा घंटा वाजवली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. दुसऱ्यांदा साडेअकरा. तिसऱ्यांदा वाजवली ती बाहेरच्यांना बरोबर तालावर पडल्यासारखी वाटली असावी, कारण कुणीतरी "वा!" म्हणालं. बारा वाजून गेल्यावर रजिस्टर काखेत मारून ते दार उघडून बाहेर आले. चष्मा नाकावर, चेहरा अधिकाऱ्याचा. दोन भजनांच्या मध्ये जेमतेम फट सापडली तशी घसा खाकरून म्हणाले:

"अनुक्रमांक एक. देवराम जगधने."

सुभेदार सवयीने उठायला निघाले. भागुबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि सतरंजीचा मोकळा कोपरा गजाननरावांना दाखवला.

"तिथं बसा, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमचा नंबर आला की हाक मारू."